रातोरात बळावणारी वादळं: किनाऱ्यावरची माणसं नेहमी विचारतात ते प्रश्न

24 ऑक्टोबर 2023 ची सकाळ. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या अकापुल्को शहरासमोर समुद्रात 'ओटिस' नावाचं वादळ होतं. अमेरिकी मोजमापात ते अजून 'हरिकेन'च्या पायरीलाही पोचलं नव्हतं. त्या रात्री बारा वाजून गेल्यावर तासही उलटला नसेल, तेव्हा ते ताशी सुमारे 260 किलोमीटरच्या वाऱ्यानिशी शहरावर आदळलं. लोक उठले होते एका वादळाच्या बातमीला आणि झोपायच्या वेळी दारात आलं ते भलतंच. अशी वादळं होतात कशी, आणि आपल्या अरबी समुद्रात ती होऊ शकतात का, याबद्दलचे हे प्रश्न.

'झपाट्याने बळावणं' म्हणजे नेमकं किती?

चोवीस तासांत वाऱ्याचा कमाल वेग 30 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटर, किंवा त्याहून जास्त वाढला तर शास्त्रज्ञ त्याला रॅपिड इंटेन्सिफिकेशन म्हणतात. ओटिसने त्या चोवीस तासांत सुमारे 95 नॉटची उडी मारली. 2015 च्या ऑक्टोबरात त्याच समुद्रात 'पॅट्रिशिया'ने 105 नॉटची मारली होती.

हा आकडा आपल्या हवामान विभागाच्या पायऱ्यांवर ठेवून बघा. ताशी 31 ते 49 किमी वारा म्हणजे डिप्रेशन, 61 पर्यंत डीप डिप्रेशन. 62 पासून चक्रीवादळ आणि नाव मिळतं. 89 पासून तीव्र, 118 पासून अतितीव्र, 167 पासून त्याच्याही वरची पायरी आणि 222 पासून सुपर सायक्लोन. म्हणजे आज संध्याकाळी ताशी 65 चं, नुकतंच बारसं झालेलं वादळ उद्या संध्याकाळी 120 चं अतितीव्र होऊ शकतं. मधली 'तीव्र' ही पायरी एखाद्या बातमीपत्रापुरतीच राहते.

आणि वेग दुप्पट झाला म्हणजे मारही दुप्पट झाला असं नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 60 चा वारा 120 झाला की पत्र्यावर, माडावर, होडीच्या केबिनवर चौपट जोर येतो.

पण मुळात एवढी ताकद येते कुठून?

वाफेतून. गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ करायला लागते. ही उष्णता जात कुठेच नाही, वाफेत दडून राहते. ढगात त्या वाफेचे थेंब झाले की तिथे ती परत बाहेर पडते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका वाईट का, याचं कारणही हेच.

गरम समुद्रावरून दमट हवा वर चढते, वर वाफेचं पाणी होतं, सुटलेल्या उष्णतेने हवा आणखी तापून आणखी वर जाते. खाली हवेचा दाब घटतो. ती पोकळी भरायला चहूबाजूंनी वारा धावतो आणि समुद्रावरून येताना आणखी वाफ घेऊन येतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हा वारा सरळ मध्यावर पोचत नाही, वळतो आणि घुमायला लागतो. आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हे वळण लावणारं बळ जवळजवळ नसतं, म्हणून साधारण पाच अंशांच्या आत चक्रीवादळ सहसा बनत नाही.

मग सगळीच वादळं झपाट्याने का वाढत नाहीत?

कारण तीन-चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात, आणि त्यातली एक जरी फिसकटली तरी इंजिन खोकायला लागतं.

पहिली, वरचा आणि खालचा वारा. समुद्राजवळ वारा एका दिशेने आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवर भलत्याच दिशेने किंवा वेगाने वाहत असेल, तर वादळाचा खांब कलतो. वरची ऊब एकीकडे, खालचा भोवरा दुसरीकडे. झपाट्याने वाढणाऱ्या वादळांना बहुतेक वेळा असा खांब सरळ उभा ठेवता येतो.

दुसरी, मधल्या थरातला दमटपणा. अरबस्तानाच्या वाळवंटावरून येणारी कोरडी हवा वादळात घुसली की थेंब परत सुकतात आणि हवा गार होऊन खाली बसते. अरबी समुद्रातली कितीतरी वादळं या कोरड्या हवेने मारली आहेत. आपल्यावर तिचे उपकारच म्हणायचे.

तिसरी गोष्ट वादळाच्या पोटातली. गडगडाटी ढग केंद्रापासून लांब विखुरलेले असतील तर उष्णता वाया जाते. तेच ढग केंद्राभोवती घट्ट कडं करून उभे राहिले, म्हणजे डोळ्याची (वादळाच्या मधल्या शांत भागाची) भिंत बनली, की सगळी ऊब मध्यावर एकवटते. फुगडी घालताना दोघींनी हात आखडून घेतले की गिरकी वाढते ना, तसं ते कडं आवळलं की वारा वाढतो. वारा वाढला की समुद्रावरून जास्त वाफ उठते, ती वाफ पुन्हा त्याच कड्याला मिळते. एकदा हे चक्र सुरू झालं की बारा तासांत चित्र पालटतं.

आणि चौथी गोष्ट समुद्र. तिला वेगळा प्रश्न हवा.

समुद्र किती तापलेला लागतो?

पुस्तकी उत्तर 26.5 अंश सेल्सिअस. ते खरंच आहे, पण त्याने फार काही सांगितलं जात नाही. मे महिन्यात लक्षद्वीपच्या आसपास पाणी 30 अंशांच्या वर असतं. नुसत्या वरच्या तापमानावर काम भागत असतं, तर दर मे महिन्यात तिथून एक सुपर सायक्लोन निघालं असतं.

विचारायचं असतं ते हे, की गरम पाणी किती खोलवर आहे. बादलीत आधी विसणाचं गार पाणी असेल आणि त्यावर कढत पाणी अलगद ओतलं, तर वर चटका आणि तळाशी गारठा राहतो. हात फिरवला की सगळं कोमट. वादळाचा वारा समुद्रात असाच हात फिरवतो. वरचा थर पातळ असेल तर खालचं गार पाणी वर येतं आणि वादळ स्वतःच स्वतःची चूल विझवतं. पण गरम थर 80-100 मीटर जाड असेल तर कितीही ढवळा, वर गरमच पाणी येतं. म्हणून शास्त्रज्ञ 26 अंशांची रेषा किती खोल आहे ते मोजतात आणि तिच्यावरच्या पाण्यात किती उष्णता साठली आहे याचा हिशेब मांडतात. पाण्यात वरखाली जाणारे आर्गो फ्लोट आणि समुद्राची उंची मोजणारे उपग्रह यासाठी कामी येतात. तापलेलं पाणी फुगतं, त्यामुळे उंचीवरूनही खालच्या उष्णतेचा अंदाज बांधता येतो.

बंगालच्या उपसागराची आणखी एक खुबी आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं. हलकं असल्याने ते खालच्या पाण्यात सहज मिसळत नाही, आणि वादळाला खालचा गारवा उपसता येत नाही.

किनाऱ्याजवळ येता येता वादळ कमजोर होतं ना?

जमिनीवर चढल्यावर, हो. वाफ तुटते, घर्षण वाढतं. पण किनाऱ्याजवळ येणं वेगळं आणि किनाऱ्यावर चढणं वेगळं. या दोहोंत लोकांची गल्लत होते, आणि ही गल्लत महागात पडते.

किनाऱ्यालगत समुद्रबूड जमिनीवरचं पाणी उथळ असतं. मुंबईसमोर हा उथळ पट्टा सुमारे 300 किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे, केरळकडे तो बराच अरुंद होतो. खोल समुद्रात वादळ ढवळून गार पाणी वर काढू शकतं. उथळ पाण्यात तळापर्यंत सगळंच तापलेलं असेल तर वर काढायला गार पाणी उरतच नाही.

याचं मासलेवाईक उदाहरण म्हणजे 2018 मधलं 'मायकेल'. त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला 'गॉर्डन' नावाचं एक मध्यम वादळ मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्याजवळून गेलं आणि तिथलं पाणी तळापर्यंत ढवळून ठेवलं. वरची ऊब खाली गेली. मग आठवडेच्या आठवडे उन्हाने वरचं पाणी पुन्हा तापलं. ऑक्टोबरात मायकेल आलं तेव्हा त्याला वरपासून खालपर्यंत गरम पाणी मिळालं आणि 10 ऑक्टोबरला फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चढेपर्यंत ते वाढतच राहिलं. आदल्या वादळाने पुढच्यासाठी चूल पेटवून ठेवली होती.

उलटंही घडतं. 2011 मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 'आयरीन' आलं. तिथल्या उथळ पाण्याच्या तळाशी उन्हाळ्यातही बर्फासारखं गार पाणी दडलेलं असतं. वादळाचा डोळा पोचायच्या आतच पुढच्या वाऱ्यांनी ते वर काढलं आणि आयरीनचा जोर ओसरला. तेव्हा उथळ पाणी वादळाला मदत करणार की मारणार, हे त्या हंगामात तळाशी काय आहे यावर ठरतं.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात किनाऱ्यापासून 400 किलोमीटरच्या आत वादळं झपाट्याने बळावण्याच्या घटना मोजल्या होत्या. 1980 ते 2020 या काळात वर्षागणिक अशा घटना जवळपास तिप्पट झाल्याचं त्यात दिसलं. खोल समुद्रात मात्र तशी स्पष्ट वाढ नव्हती.

अरबी समुद्र तर शांत म्हणून ओळखला जायचा?

बंगालच्या उपसागराच्या तुलनेत, हो. पण 2007 मध्ये 'गोनू' सुपर सायक्लोन होऊन ओमानला धडकलं. 2019 च्या ऑक्टोबरात 'क्यार' आपल्या किनाऱ्यासमोरून वायव्येकडे वळलं आणि तेही सुपर सायक्लोन झालं. त्या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली: वायू, हिक्का, क्यार, महा, पवन. क्यार आपल्यापासून दूर गेलं म्हणून कोकणात त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही, एवढंच.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी 1982-2000 आणि 2001-2019 या दोन काळांची तुलना केली. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली होती, उपसागरातली 8 टक्क्यांनी घटली होती. अरबी समुद्रातली वादळं टिकूही लागली आहेत जास्त वेळ, सुमारे 80 टक्क्यांनी.

यामागे हवामान बदलच आहे का?

एखाद्या वादळाकडे बोट दाखवून 'हे हवामान बदलामुळे' असं म्हणणं घाईचं होईल. पण हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, हे साधं भौतिकशास्त्र आहे. अरबी समुद्र तापतो आहे, हे मोजलेलं आहे. इंधन वाढलं की आग लागेलच असं नाही, लागली तर मोठी लागते.

तौक्तेच्या वेळी काय झालं होतं?

14 मे 2021 ला लक्षद्वीपजवळ डिप्रेशन होतं. 17 मे च्या पहाटे ते ताशी 167 च्या वरच्या पायरीवर पोचलं होतं, कमाल वेग ताशी 185 च्या आसपास. वाटेत त्याने केरळ, कर्नाटक, गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी असा सगळा किनारा उजव्या हाताला जवळ ठेवला. जमिनीवर चढलंच नाही, त्यामुळे गरम पाणी सुटलं नाही. त्याच रात्री ते दीवच्या पूर्वेला गुजरातेत शिरलं.

मुंबईला त्याचा डोळा शिवलाही नाही. तरी कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचे झोत नोंदले गेले आणि सांताक्रूझला एका दिवसात 230 मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यात! मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात पी-305 ही तराफा-बार्ज नांगर तुटून भरकटली आणि बुडाली. तिच्यावर अडीचशेहून अधिक माणसं होती. नौदल आणि तटरक्षक दलाने बहुतेकांना वाचवलं, पण सत्तरहून अधिक गेली. वादळाचे इशारे कित्येक दिवस आधीपासून निघत होते.

'निसर्ग' वादळ तर नुसतं 'तीव्र' होतं. मग रायगडात एवढा विध्वंस का?

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी 100 ते 110, झोत 120 चे. यादीतल्या पायरीवरून बघितलं तर मधलंच. पण श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोली या पट्ट्यात जे घडलं ते पायरीवरून कळत नाही.

कारण बाजू. आपल्या गोलार्धात वादळ पुढे सरकताना त्याच्या उजव्या हाताला फिरणारा वारा आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या हाताला वजाबाकी. निसर्ग ईशान्येकडे सरकत होतं, उजवा हात आला दक्षिण रायगड आणि उत्तर रत्नागिरीकडे. मुंबई डाव्या हाताला होती, म्हणून वाचली. वादळ आणखी बरंच उत्तरेला सरकलं असतं तर तोच उजवा हात मुंबईवर असता.

दुसरं म्हणजे वाडी. उंच, सडपातळ पोफळी वाऱ्यात वाकतात आणि एका मर्यादेनंतर मोडतात. एक पडली की शेजारणीला घेऊन पडते. नारळ-सुपारीची बाग पुन्हा धरायला वर्षं लागतात, 'तीव्र' या शब्दात ती वर्षं मोजलेली नसतात. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले, खांबच उरले नव्हते.

जुलै-ऑगस्टात समुद्र खवळलेला असतो, मग तेव्हा चक्रीवादळं का येत नाहीत?

पावसाळ्यात खाली नैऋत्येचा जोरदार वारा आणि वर पूर्वेकडून वाहणारा वेगवान झोत, असा विरोध असतो. खांब उभा राहूच शकत नाही. म्हणून आपले हंगाम दोन: एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. अपवाद असतात. 2024 च्या ऑगस्टअखेर गुजरातेत जमिनीवरून आलेलं डीप डिप्रेशन कच्छजवळ समुद्रात उतरलं आणि 'असना' नावाचं चक्रीवादळ झालं.

हवामान खात्याला आधी कळत कसं नाही?

वाट कळते, आणि आता बरीच चांगली कळते. 1999 मध्ये ओडिशाच्या सुपर सायक्लोनमध्ये सुमारे दहा हजार माणसं मेली. 2013 मध्ये त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आलं, तेही समुद्रात झपाट्याने बळावलेलं. पण लाखो लोक आधीच हलवले होते आणि मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला.

अवघड आहे ते बळ सांगणं. वाट ठरते हजारो किलोमीटरच्या वाऱ्यांवर, ते अंदाज बांधणाऱ्या संगणकी मॉडेलला नीट दिसतात. बळ ठरतं डोळ्याभोवतीच्या वीस-तीस किलोमीटरांत, ढगांचं कडं कधी जुळतं त्यावर. अमेरिकेत विमानं थेट वादळात शिरून मोजमाप घेतात. आपल्याकडे मुख्य भिस्त इन्सॅटसारख्या उपग्रहांच्या चित्रांवर, किनारा जवळ आला की डॉप्लर रडारवर, आणि समुद्रातल्या मोजक्या तरंगत्या यंत्रांवर. ओटिसच्या वेळी तर बहुतेक मॉडेलं साफ चुकली होती.

2017 च्या नोव्हेंबरअखेरचं 'ओखी' हे आपल्याकडचं कडू उदाहरण. 29 तारखेला डिप्रेशन, 30 ला सकाळी चक्रीवादळ, तेही कन्याकुमारीच्या अगदी जवळ. कित्येक दिवसांसाठी खोल समुद्रात गेलेल्या केरळ-तमिळनाडूच्या मच्छीमारांना निरोप पोचायला वाटच नव्हती. शेकडो परतले नाहीत. काही होड्या वाहत-झुंजत थेट आपल्या देवगड बंदरात आल्या.

बंदरावरच्या बावट्यांचा अर्थ काय?

एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे. तीन आणि चार म्हणजे बंदरालाच जोराच्या वाऱ्याचा धोका. पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका. अकरा नंबर म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. तीन नंबर लागला की 'अजून तीनच आहे' म्हणणारा प्रत्येक बंदरावर एक तरी भेटतोच. झपाट्याने वाढणाऱ्या वादळात तीनचे आठ व्हायला एक रात्र पुरते.

होडी बाहेर असताना इशारा आला, वादळ 400 किलोमीटर दूर आहे. वेळ आहे ना?

किलोमीटर मोजू नका, तास मोजा. समजा तुम्ही 60 सागरी मैल बाहेर आहात आणि होडी 8 नॉटने चालते. शांत समुद्रात साडेसात तास. समोरून लाटा असतील तर दहा-बारा. जाळं ओढून घ्यायचे दोन तास वेगळे. आता दुसरीकडे वादळ दिवसभरात 30 नॉटने वाढू शकतं, आणि त्याचे बाहेरचे वारे केंद्राच्या कितीतरी आधी पोचतात. तांडेलाने दोन्ही हिशेब शेजारी ठेवून बघायचे. वादळ तुमच्याकडे येतंय की नाही यावर वाद घालण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

मोबाइल किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर मुका होतो. व्हीएचएफ संच 16 नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077.

वारा अचानक पडला, ऊनही आलं. संपलं का?

डोळ्यात असाल तर नाही. अर्ध्या-एक तासात वारा उलट दिशेने, तितक्याच जोराने येतो. पहिल्या वाऱ्याने सैल झालेले पत्रे दुसऱ्यात उडतात. छपरावर चढू नका.

आणि ही नावं कोण ठेवतं?

उत्तर हिंद महासागराभोवतीच्या तेरा देशांनी दिलेल्या यादीतून दिल्लीचं हवामान खातं क्रमाने नाव देतं. 'निसर्ग' बांगलादेशाचं, 'तौक्ते' म्यानमारचं, त्याचा अर्थ पाल. आपल्याकडे एकदा वापरलेलं नाव पुन्हा येत नाही. पूर्व पॅसिफिकमध्ये याद्या दर सहा वर्षांनी फिरतात, फार हानी करणारं नाव तेवढं काढून टाकतात. ओटिस काढलं. पुढच्या वेळी त्या जागी 'ओटिलिओ' असेल.